कोळंबी तलावाची क्षारता : मोजायची कशी, सांभाळायची कशी?

खाडीकाठच्या छोट्या तलावात खाद्य वेळेवर, बीज चांगलं, तरीही कोळंबी वाढत नाही किंवा एका पावसात मरते. अशा वेळी आधी पाण्याची क्षारता तपासावी. जिभेला पाणी खारट लागलं म्हणजे झालं, हा अंदाज इथे चालत नाही.

किती हवी?
क्षारता पीपीटीमध्ये मोजतात. १ लिटर पाण्यात साधारण १ ग्रॅम क्षार म्हणजे १ पीपीटी. समुद्राचं पाणी सुमारे ३५ पीपीटी असतं. व्हॅनामेई आणि टायगर या दोन्ही कोळंबींना १५ ते २५ पीपीटी मानवते. व्हॅनामेई त्याहून कमी-जास्त क्षारताही सोसते, पण अचानक झालेला बदल तिलाही सोसत नाही. बदल मोठा झाला की कोळंबी अवेळी कात टाकते, कवच मऊ राहतं आणि बाकीच्या कोळंब्या तिला खातात.

मोजायची कशी?
रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारं साधन आहे. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो, तो आकडा वाचायचा. आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून आकडा शून्यावर येतो का, हे पाहावं. काम झाल्यावर काच गोड्या पाण्याने पुसावी.

पाणी वरचं आणि तळाचं, दोन्ही तपासावं. तळाचं पाणी घ्यायला बांबूला बूच लावलेली बाटली बांधायची, तळाशी गेल्यावर दोरीने बूच ओढायचं. आकडा रोज एकाच वेळी वहीत लिहावा.

उन्हाळ्यात वाढली तर
ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागेच राहतं. समजा तलाव १० गुंठ्यांचा, पाणी १ मीटर, म्हणजे सुमारे १० लाख लिटर. क्षारता ३६ झाली आणि ३० वर आणायची आहे. मग सहाव्या हिश्शाचं, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घ्यावं. पण हे एका दमात करू नये. दिवसाला २ ते ३ पीपीटीपेक्षा जास्त उतार नको. गावच्या पिण्याच्या विहिरीला मात्र हात लावू नये.

पावसात घटली तर
२० पीपीटीच्या १ मीटर पाण्यात १०० मिलिमीटर पाऊस पडून मिसळला, तर क्षारता सुमारे १८ होते. ३०० मिलिमीटर पडला तर सुमारे १५. पण खरा धोका वेगळाच. गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगतं. तळाच्या खाऱ्या पाण्याला हवा मिळत नाही आणि कोळंबी तर तळाशीच असते. म्हणून:

- पाऊस सुरू असतानाच उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचं पाणी जाऊ द्यावं.
- त्यानंतर एअरेटर लावून पाणी ढवळावं. कोळंबी काठाला येऊ लागली तर थांबू नये, एअरेटर लगेच सुरू करावा.
- त्या दिवशी खाद्य कमी टाकावं.
- सोडलेलं पाणी ओहोटीला खाडीत जावं, शेजारच्या भातखाचरात नव्हे.

मिठाची गोणी हा उपाय नाही
क्षारता घटली म्हणून काहीजण तलावात मीठ ओततात. मीटरवर आकडा बरोबर येतो, पण कोळंबी मरते. कारण साध्या मिठात मुख्यतः सोडियम आणि क्लोराईडच. कोळंबीला पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही लागतं, आणि ते समुद्राच्या पाण्यात असतं. रिफ्रॅक्टोमीटरला हा फरक कळत नाही. त्यामुळे भरतीचं पाणी गाळून घ्यावं. बोअरचं खारं पाणी वापरायचं असेल, तर हे तीन घटक आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत.

बीज सोडताना
हॅचरीतलं पाणी किती पीपीटीचं आहे, हे ऑर्डर देतानाच विचारावं. तिथे ३० आणि तलावात १५ असेल, तर तासाला २ पीपीटी या हिशेबाने साडेसात तास लागतील. बीज पिशवीत एवढा वेळ टिकणं कठीण. म्हणून हॅचरीतच काही दिवस आधीपासून क्षारता उतरवून घ्यावी. तलावावर आल्यावर पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मग तलावाचं पाणी थोडं थोडं आत घालावं.

किनारपट्टीवर कोळंबी तलावासाठी किनारी जलकृषी प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. माहितीसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारणा करावी.