रक्षणाचा व्यापार : कुलाब्याचा समुद्र आणि चाच्यांवर निघालेले 'वीर'

१/
'द बॉईज' ही २०१९ मध्ये सुरू झालेली मालिका वरवर अतिमानवी वीरांची, पण मुळात एका कंपनीची गोष्ट आहे. 'व्हॉट' नावाची ही कंपनी वीर घडवते, त्यांना पडद्यावर मिरवते आणि त्यांचे संरक्षण शहरांना विकते. पडद्यामागे हेच वीर लोभी, भित्रे आणि प्रसंगी खुनी असतात.

२/
पहिल्या पर्वाच्या अखेरीस मालिकेतील सर्वांत बोचरी गोष्ट उघड होते. या वीरांना सैन्यात प्रवेश हवा असतो, पण त्यासाठी तोलामोलाचा शत्रूच नसतो. तेव्हा सर्वांत मोठा वीर होमलँडर शक्ती देणारे औषध स्वतःच दहशतवाद्यांपर्यंत पोहोचवतो. शत्रू असल्याशिवाय रक्षकाला भाव येत नाही, हा त्याचा हिशेब असतो.

३/
स्वतःचे आरमार, स्वतःचे न्यायालय, स्वतःचा तुरुंग आणि स्वतःचे 'वीर' बाळगणारी अशी कंपनी तीनशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावर खरोखरच होती. तिचा गाजावाजा झालेला शत्रू होता समोरच्या किनाऱ्यावर, थळ-अलिबागच्या पट्ट्यात. त्या संघर्षाची ही कथा. तिच्यातील विनोदही काळाच आहे.

४/
पार्श्वभूमी पाहू. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना रूढ केला. तो घेतलेल्या गलबताला अभय, न घेतलेले गलबत जप्तीस पात्र. समुद्र कोणाच्याही मालकीचा नव्हता. त्यावरून सुखरूप जाण्याचा हक्क मात्र विकत घ्यावा लागे. आणि ज्याच्यापासून भय, त्याच्याकडूनच घ्यावा लागे.

५/
पुढे हा धंदा इतरांनीही उचलला. जंजिऱ्याचा सिद्दी मुघलांच्या वतीने समुद्र राखू लागला आणि सुरतेच्या महसुलातून त्याचा खर्च भागू लागला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी व सिद्दीने ती मोडण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले.

६/
खांदेरी आणि उंदेरी ही दोन्ही बेटे थळच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुंबई बंदराच्या तोंडाशी अगदी जवळजवळ असलेल्या या दोन खडकांवर दोन सत्ता, आणि दोघींच्या तोफांचा रोख एकाच पाण्यावर. मीठ, तांदूळ, नारळ, सुपारी घेऊन जाणाऱ्या मचव्यांना त्यांच्यामधूनच वाट काढावी लागे.

७/
सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी आरमाराची सूत्रे कान्होजी आंग्रे यांच्याकडे आली. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू छत्रपतींच्या पक्षाला मिळाले आणि सरखेलपद त्यांच्याकडे कायम राहिले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. पोर्तुगीजांचा कार्ताझ होता, तसा आंग्र्यांचा दस्तक होता.

८/
कंपनीच्या कागदांत आंग्र्यांचा उल्लेख 'चाचा' असाच येतो. ते संत नव्हते, हेही स्पष्ट म्हणावे लागेल. १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडली. त्या चकमकीत कंपनीचा कारवारचा अधिकारी चाऊन मारला गेला. त्याच्या तरुण विधवेची सुटका ३०,००० रुपये घेऊन झाली. दस्तक नसलेल्या व्यापाऱ्याचा मालही ते सोडत नसत.

९/
परंतु समुद्रावरचे खरेखुरे चाचे कोठून आले होते? १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रजाने हजहून परतणारे 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज लुटले आणि त्यावरील यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार केले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेतील इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकले.

१०/
त्यातून सुटण्यासाठी कंपनीने यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचे मान्य केले. इंग्रज चाच्याने लुटले आणि इंग्रज कंपनी रक्षक झाली. येथे कोणी मुद्दाम कट केला होता असे नाही. पण संकट आणि त्यावरचा उतारा एकाच बंदरातून निघाले, एवढे खरे.

११/
पुढच्याच वर्षी चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी विल्यम किड इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन निघाला. त्याच्या मागे बड्या उमरावांचा पैसा होता. १६९८ च्या आरंभी या 'चाचेविरोधी' वीराने केरळच्या किनाऱ्याजवळ 'क्वेदा मर्चंट' हे मालाने भरलेले जहाज लुटले. १७०१ मध्ये तो लंडनमध्ये फासावर गेला. त्याचे भांडवलदार सुखरूप राहिले.

१२/
१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने शहराला तट आणि कंपनीला लढाऊ जहाजे दिली. आंग्र्यांशी त्याचा मूळ वाद हिशेबाचा होता. कंपनीच्या मालाला आंग्र्यांची हरकत नव्हती. पण कंपनीच्या निशाणाखाली इतर व्यापाऱ्यांचा माल गेला, तर त्याला दस्तक लागेल की नाही? दस्तक विकण्याचा हक्क कोणाचा, हाच खरा प्रश्न.

१३/
बूनने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर स्वारी केली. दोन्ही फसल्या. मोठ्या खर्चाच्या पराभवाला कोणीतरी जबाबदार ठरवावाच लागतो. योजना आखणारे जबाबदार ठरले असते, तर गव्हर्नरपर्यंत बोट गेले असते. म्हणून 'फितूर' शोधला गेला. तो सापडला रामा कामतीच्या रूपाने.

१४/
रामा कामती हा मुंबईतील मोठा शेणवी व्यापारी, कंपनीचा जुना साहाय्यक. १७१५ च्या सुमारास वाळकेश्वराचे मंदिर त्यानेच पुन्हा उभारले. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्चचे उद्घाटन झाले, तेव्हा आपल्या ज्ञातिबांधवांसह तो तेथे उपस्थित होता आणि तेथील पाद्र्याने त्याची आवर्जून नोंद केली.

१५/
१७२० मध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला. खांदेरीच्या स्वारीची बातमी त्याने पत्राने आंग्र्यांना आधीच कळवली, असा आरोप होता. न्यायालय कंपनीचे, फिर्याद कंपनीची. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून पिळण्यात आले आणि मग त्याने हवी ती साक्ष दिली.

१६/
रामा कामतीला जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली. १७२८ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. ज्या पत्रांवर सारा खटला उभा होता ती बनावट असल्याचे पुढे उघड झाले. पराभवाचे खापर फोडायला एक डोके हवे होते. एका नावाजलेल्या नागरिकाचे डोके त्या कामी आले.

१७/
त्याच वर्षी दुसरा प्रसंग घडला. बूनने 'फ्राम' नावाचा तरंगता तोफखाना बांधून घेतला होता. शत्रूचे गोळे तो भेदू शकणार नाहीत, अशी त्याची ख्याती. विजयदुर्गासमोर तो नेला, तेव्हा लक्षात आले की तोफांसाठी ठेवलेल्या खिडक्या फार खाली आहेत. तोफा पुरेशा वर उचलता येईनात आणि गोळे पाण्यात पडू लागले.

१८/
हात हलवत परतणाऱ्या या ताफ्याला वाटेत खरे युरोपीय चाचे भेटले. 'चाचा' आंग्र्यांवर निघालेला हा ताफा खऱ्या चाच्यांना पाहून पळत सुटला. फ्राम त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी स्वतःच तो पेटवून दिला.

१९/
अखेर इंग्लंडच्या राजाकडून मदत आली. सप्टेंबर १७२१ मध्ये कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौकांसह मुंबईस पोहोचला. त्याला पाठवले होते हिंदी महासागरातील चाच्यांचा नायनाट करण्यासाठी. मुंबईत पाऊल ठेवताच पहिला वाद झाला तो, पहिली सलामी गव्हर्नरने द्यायची की कमोडोरने, यावर.

२०/
इंग्रज व पोर्तुगीज यांची मिळून सुमारे सहा हजारांची फौज चौलला जमली. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने आला. इंग्रजांच्या पायदळाचे सेनापतिपद रॉबर्ट कोवनला मिळाले. तो शिपाईगडी नव्हता, कंपनीचा मुलकी नोकर होता. डिसेंबर १७२१ मध्ये ही फौज अलिबागेसमोर उभी ठाकली. दुसऱ्या बाजूने शाहू महाराजांच्या वतीने बाजीराव पेशवे आणि पिलाजी जाधव घोडदळ घेऊन घाटाखाली उतरले.

२१/
पुढचा वृत्तान्त मॅथ्यूजच्याच ताफ्यातील क्लेमेंट डाउनिंग याने लिहून ठेवला. तो १७३७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला खुपसला. कमोडोर संतापून त्याच्या मागे धावला, त्याने पिस्तुले रोखली, चाप ओढला. पिस्तुले भरायचीच राहून गेली होती.

२२/
मराठा घोडदळापुढे पोर्तुगीजांची फळी फुटली आणि इंग्रजांना तोफा व दारूगोळा टाकून माघार घ्यावी लागली. तेव्हा मॅथ्यूजने किनाऱ्यावरच पोर्तुगीज सेनानीच्या तोंडावर आपली छडी खुपसली आणि व्हाइसरॉयलाही धारेवर धरले. शत्रूशी लढण्यापेक्षा मित्राशी भांडण्यात त्याचे शौर्य अधिक दिसले.

२३/
जानेवारी १७२२ मध्ये अलिबागला लागूनच असलेल्या वरसोलीत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला. इंग्रज एकाकी पडले. त्याच महिन्यात बून मुंबई सोडून मायदेशी निघाला. रामा कामती मात्र मुंबईच्या तुरुंगातच होता.

२४/
मॅथ्यूज पुढे मादागास्करला गेला. ज्या चाच्यांचा नायनाट करायचा होता, त्यांच्याच वस्तीशी त्याने मालाची देवघेव केल्याचे डाउनिंग नमूद करतो. १७२४ मध्ये लष्करी न्यायालयाने राजाच्या जहाजांचा खाजगी लाभासाठी वापर केल्याबद्दल त्याला दोषी ठरवले. आणि १७४२ मध्ये? तोच मॅथ्यूज ॲडमिरल म्हणून भूमध्य समुद्रातील ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख झाला.

२५/
हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. बनावट पत्रावर दोषी ठरलेला व्यापारी कोठडीत मेला. खऱ्या पुराव्यावर दोषी ठरलेला वीर ॲडमिरल झाला. न्यायालये दोन होती, पण नियम एकच होता. रक्षण विकणाऱ्या व्यवस्थेला आपल्या वीराची गरज असते, साक्षीदाराची नसते.

२६/
या व्यवहाराचा उघडा हिशेब १७५६ मध्ये दिसला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली. वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. मोहिमेवर निघण्याआधीच मुंबईत बैठक घेऊन लुटीचे वाटे ठरवले होते, आणि त्यांत मित्र मराठ्यांना वाटा नव्हता. सुमारे दहा लाखांची लूट वाटली गेली. चाचेगिरी संपवण्याची मोहीम ती हीच.

२७/
कान्होजींना हे सारे आधीच उमगले होते. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सुचवले की, परक्याचे आपले करण्याच्या हव्यासापासून व्यापारीही मुक्त नाहीत आणि जगाची रीतच तशी आहे. त्यांनी स्वतःला निर्दोष म्हटले नाही. फिर्यादीला मात्र आरसा दाखवला.

२८/
जुलै १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' असे नाव दिले. हा तळ जुन्या मुंबई किल्ल्याच्या आवारात आहे. ज्या सत्तेने त्यांना 'चाचा' म्हणून नोंदवले, तिच्याच दाराशी आज त्यांचे नाव आहे.

२९/
तरीही 'चाचा' ही पाटी पुसून 'वीर' ही पाटी लावली म्हणजे इतिहास पूर्ण झाला, असे नाही. कार्ताझ असो, दस्तक असो की कंपनीचा पास, त्याची किंमत शेवटी मचवा हाकणाऱ्यानेच मोजली. त्याचे नाव कोणत्याच बाजूच्या दप्तरात ठळक अक्षरांत नाही.

३०/
'द बॉईज'मधील प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण त्यांना चित्रफीत दाखवली जाते, हिशेबवही दाखवली जात नाही. कुलाब्याच्या समुद्राची हिशेबवही सुदैवाने शिल्लक आहे. कोणी आपले रक्षण करू लागला, तर त्याच्या शौर्यगाथेआधी तीन प्रश्न विचारावेत. भय कोणाकडून आहे? मोल कोण घेतो? आणि चूक झाली तर तुरुंगात कोण जातो?

#इतिहास #अलिबाग #कान्होजी_आंग्रे #मराठी_आरमार