इस्तंबूलमधला एक दिवस, धारूरची तोफ आणि माझी चूक

आजचा भाग थोडा वेगळा आहे, कारण आज मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती सापडली इस्तंबूलमध्ये, आणि सापडवली बायकोने.

झालं असं, की ऑफिसच्या कामासाठी मला आठवडाभर तिकडे जायचं होतं. बायकोने रजा टाकली आणि तीही आली. शेवटचा एक दिवस फक्त आमचा. तिला बोटीत बसायचं होतं, मला तोफखाना बघायचा होता. आता नवीन जागी जाऊन तोफखाना कोण बघतं? पण मी धारूरचा. किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हे असले छंद असतातच.

सकाळी ट्रामने तोफानेला उतरलो. स्टॉपचं नावच तोफाने! आपला 'तोफखाना' तोच शब्द. १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेदने इथे तोफा ओतायचा कारखाना काढला. आज दिसते ती घुमटांची इमारत अठराव्या शतकातली. आम्ही गेलो तेव्हा बंद होती, म्हणून बाहेरूनच बघितली. पलीकडेच मिमार सिनानने बांधलेली किलिच अली पाशाची मशीद आहे, १५८० ची.

तिथल्या पायरीवर बसून मी माझी आवडती गोष्ट सुरू केली. उस्मानी मुलखातून दख्खनेत आलेल्या माणसाला आपल्याकडे 'रूमी' म्हणत. असाच एक महंमद बिन हसन रूमी अहमदनगरला निजामशाहीत होता. १५४९ मध्ये त्याने मलिक-ए-मैदान ओतली. सव्वाचार मीटरच्या आसपास लांब, सुमारे ५५ टन वजन, तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्या जबड्यात हत्ती. आज ती विजापूरला शेरझा बुरुजावर आहे. "आणि हीच तोफ," मी म्हणालो, "मुर्तझा निजामशाहने धारूरवर डागली."

हे मी पॉडकास्टवरही बोललोय. दोन वर्षांपूर्वी, अगदी ठासून.

बायको सिव्हिल इंजिनिअर आहे. एरवी ती मला नावाने हाक मारते. 'अहो' आलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं. "अहो इतिहासकार," ती म्हणाली, "आमच्या साइटवर ५५ टनांचा गर्डर हलवायचा तर आधी रस्ता तपासतात, मग पूल तपासतात, मग परवानगी. तुमचा निजामशाह ही तोफ बालाघाटावर कशी चढवून आणत होता? आणि किती दिवसांत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून फोनवर नोट्स काढल्या.

धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वर खान लारीने बांधला, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांत. ज्या सुलतानांनी मिळून विजयनगर पाडलं ते लगेच एकमेकांच्या सरहद्दीवर उठले. निजामशाहीच्या अगदी तोंडावर हा किल्ला. तीन बाजूंना दरी, एका बाजूला खंदक. फिरिश्ता सांगतो, की किश्वर खानाच्या उद्धट पत्राने मुर्तझा भडकला आणि किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही म्हणाला. किल्ल्यावरून तोफांचा मारा होत असतानाही तो पुढे गेला. किश्वर खान बाणाने मेला, किल्ला पडला, नाव झालं फतेहाबाद.

वाचलं का नीट? बाण. रागाच्या भरात घोडदौड करून आलेला सुलतान. तोफा आहेत, पण त्या किल्ल्यावरच्या. मलिक-ए-मैदान धारूरला आल्याचा काहीच पुरावा माझ्या नोट्समध्ये नव्हता. ती पुढे परांड्याला होती आणि तिथून १६३२ मध्ये मुरार पंडिताने विजापूरला नेली. परांडा धारूरपासून सरळ रेषेत साधारण नव्वद किलोमीटर. तालिकोटला निजामशाही तोफखाना चेलेबी रूमी खानाच्या हाताखाली होता. मी रूमी, तोफ, निजामशाह आणि धारूर हे चार ठिपके जोडले आणि मधली रेघ स्वतःच्या मनाने ओढली.

हसण्यावारी नेलं असतं. पण तो भाग ऐकून धारूरच्याच एका शिक्षकांनी मला लिहिलं होतं, की सहलीला नेलेल्या पोरांना ते बुरुजावर उभं करून हीच गोष्ट सांगतात. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आता पोटात गोळा आला.

दुपारी काराकोयहून बोट धरली. उस्कुदारला जायचं होतं. माझं लक्ष नोट्समध्ये, आणि उतरलो कादिकोयला. आशियातच उतरलो म्हणा, पण भलतीकडे. परतीच्या बोटीची रांग, वारा, फोनची बॅटरी चार टक्के. ती मात्र खूश होती, कारण एकाऐवजी दोन फेऱ्या मिळाल्या. डेकवर छोट्या काचेच्या ग्लासातून चहा पीत ती म्हणाली, "लग्नाला दोन वर्षं झाली. इस्तंबूलचा तोफखाना दाखवलास. धारूरचा किल्ला कधी?"

ती अंबाजोगाईची. बसने तासाभराचं अंतर. मी नेलेलंच नाही.

त्या जुन्या भागाच्या सुरुवातीला आता दुरुस्ती जोडली आहे. सरांना फोनही केला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाणाची गोष्ट पोरांना जास्त आवडेल. दिवाळीत या, तुम्हीच सांगा." तिकिटं काढलीत, दोन.