कल्पना एकाची, लेखणी दुसऱ्याची

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले की सामानातून बुद्धिबळाचा पट हटकून बाहेर निघतो. या पटावर लढणारा मनुष्य राजाही नसतो आणि प्यादेही नसतो. तो लढाईच्या बाहेर बसून सर्व सैन्य हलवीत असतो. आपणच एखादे प्यादे होऊन त्याच्या डोळ्यांनी लढाई पाहावी, ही कल्पना साधी दिसते. परंतु तिला नियमबद्ध खेळाचे रूप यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. ते रूप देणाऱ्यांत अग्रगण्य असलेले डेव्ह आर्नसन यांची हकीकत आम्ही येथे सांगणार आहो.

तिचे मूळ आपल्याच चतुरंगात आहे. इराण व अरब देशांतून तो खेळ युरोपात गेला. १७८० मध्ये हेल्विग या जर्मन गृहस्थाने बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धाचा खेळ रचला. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने नकाशावर, पंचाच्या निर्णयाने चालणारा युद्धखेळ सिद्ध केला. टॉटन या अमेरिकन अधिकाऱ्याचा ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ १८८० मधला. मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांना तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. १९६९ मध्ये त्यांनी ब्राउनस्टाइन या कल्पित गावावरील लढाई मांडली आणि काही खेळाडूंना सैन्याऐवजी नगराध्यक्षासारख्या भूमिका दिल्या.

आर्नसन त्या खेळाडूंपैकीच एक. जन्म १९४७ चा. विद्यापीठात विषय इतिहास. १९७१ मध्ये त्यांनी ‘ब्लॅकमूर’ नावाचे काल्पनिक राज्य व तेथील किल्ल्याखालची भुयारे रचली. प्रत्येक खेळाडूकडे एक पात्र असे. ते पात्र एका घावात मरत नसे. त्याने किती घाव सोसले याचा हिशेब ठेवला जाई. जगले तर तेच पात्र पुढच्या बैठकीस अनुभवाने अधिक समर्थ होऊन परत येई. खेळ एका डावात संपण्याऐवजी आयुष्यासारखा चालू राहू लागला. आर्नसन यांचे खरे कर्तृत्व आम्हांस येथे दिसते.

परंतु त्यांचे नियम सुसंगत ग्रंथरूपात नव्हते. १९७२ च्या अखेरीस त्यांनी हा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथे गॅरी गायगॅक्स यांना दाखविला. गायगॅक्स हे पूर्वी विमा कंपनीत नोकरीस होते. त्यांनी सहलेखक म्हणून सिद्ध केलेल्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकाचा उपयोग आर्नसन यांनी ब्लॅकमूरमध्ये केला होता. तेव्हा ऋण दोन्ही बाजूंचे होते. गायगॅक्स यांनी नेटाने नियम लिहून काढले आणि १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने निघाला. पहिल्या प्रती अवघ्या एक हजार. लेखक म्हणून नावे दोघांची.

पुढे १९७७ पासून निघालेल्या विस्तृत ग्रंथमालेवर लेखक म्हणून नाव एकट्या गायगॅक्स यांचे आले. आर्नसन यांनी १९७९ मध्ये न्यायालयात धाव घेतली व १९८१ मध्ये तडजोड झाली.

सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस हा तंटा परका वाटू नये. योजना एकास सुचते, मसुदा दुसरा करतो, आणि कागदावर ज्याचे नाव राहते त्यासच पुढची पिढी ओळखते. गायगॅक्स यांच्या लेखणीवाचून ब्लॅकमूर मिनेसोटातील काही मित्रांच्या आठवणीतच राहिले असते, हे खरे. पण आर्नसन नसते, तर त्या लेखणीला लिहावयास हा खेळ मिळाला नसता. म्हणून एकाचे श्रेय मान्य करताना दुसऱ्याचे खोडू नये, असे आमचे मत आहे.

गायगॅक्स २००८ मध्ये व आर्नसन २००९ मध्ये निवर्तले. उत्तरायुष्यात आर्नसन यांनी फ्लॉरिडातील एका विद्यापीठात खेळरचनेचे अध्यापन केले. आज घरातला मुलगा संगणकावरील खेळात आपल्या पात्राचे उरलेले बळ मोजतो, अनुभव मिळवून वरची पायरी गाठतो, तेव्हा तो ब्लॅकमूरच्या भुयारातूनच आलेल्या वाटेने चाललेला असतो. त्याला आर्नसन हे नाव ठाऊक नसते. ते त्यास सांगावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.