मिठागरे, पाणलावे आणि दुर्बिणी

हिवाळ्यातला शनिवार-रविवार गाठून शिवडी, ऐरोली किंवा उरणच्या काठावर पक्षी पाहायला जाणाऱ्यांची संख्या आता बरीच वाढली आहे. या मंडळींना सर्वांत आधी शिकावी लागते ती पाण्याची वेळ. पक्ष्यांची नावे मागाहून येतात. श्रोतेहो, आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला यासाठी छापील कोष्टक लागत नाही. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. आज षष्ठी असेल तर साडेचारला भरती, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. त्या वेळी चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षीही दूर असतात. मग पाणी चढू लागते, तसतसे तुतवार, चिखल्या, शेकाट्या आणि लालगुलाबी रोहित पाण्याच्या कडेबरोबर आपल्याकडे सरकू लागतात.

पण पूर्ण भरतीला चिखलच बुडाल्यावर हे हजारो पक्षी कुठे जातात? या प्रश्नाचे उत्तर मिठागरांत आहे आणि आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षणाच्या इतिहासाचा एक धागाही तिथेच सापडतो.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला इंग्रज सरकारचा अधिकारी. खाते जकात आणि मिठाचे. खाराघोडा, उरण, रत्नागिरी अशा त्याच्या बदल्या झाल्या. मिठावरचा कर वसूल करायला हिंडणाऱ्या या माणसाचे डोळे मात्र बांधांवरच्या पाखरांकडे असत. मुंबईत नेहमी दिसणाऱ्या पक्ष्यांवर त्याने १९०० साली एक खुसखुशीत पुस्तक काढले. त्याआधी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली होती, त्यांत तो होता. त्या आठांत दोघे आपले होते, हे फारसे सांगितले जात नाही. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या आपल्या इतिहासात ही नावे ठळक आहेत, पण सृष्टिज्ञानाच्या इतिहासातली त्यांची जागा आपण रिकामीच ठेवली आहे.

त्या काळी पक्षी पाहणे म्हणजे पक्षी मारणे. हिवाळ्यातली सुट्टी ही साहेबाला पाणलाव्याच्या शिकारीसाठी हवी असे. कातडी सोलून, भुसा भरून, चिठ्ठी लावून ठेवल्याशिवाय नोंद खरी मानली जात नसे. सलीम अलींची सुरुवातही याच वाटेने झाली. १८९६ साली खेतवाडीत जन्मलेल्या या पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि तिचे नाव विचारायला तो सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे गेला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यापेक्षा १९३० सालची गोष्ट मोठी वाटते. जर्मनीहून शिकून परतल्यावर हातची नोकरी गेलेली. तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीची घरटी दिवसचे दिवस नुसती पाहत बसले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच बिऱ्हाड थाटते, आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपले. बंदुकीने हे कधीच कळले नसते. नमुन्यासाठी पक्षी टिपणे त्यांनी सोडले नाही, ते त्या काळी शास्त्राचे रीतसर कामच होते. पण दुर्बिणीचे राज्य आपल्याकडे सुरू झाले ते किहीमला, असे मी मानतो. (आम्हा कवींचे पक्षीज्ञान मात्र अजून चातक आणि राजहंस यांच्यापुढे सरकलेले नाही. चिखल्यावर कविता कोण करणार?)

१९५९ नंतर सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला घेतली. काही कडी थेट सायबेरियात सापडली. २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या काही रोहितांवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारी यंत्रे बसवली गेली. त्यांतल्या एकाचे नाव हुमायून. सलीम अलींचे आप्त आणि तितकेच काटेकोर पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून ते ठेवले होते. हा पंखवाला हुमायून खाडीतून निघाला आणि गुजरातेत जाऊन पोचला.

आता मघाच्या प्रश्नाकडे. भरतीच्या वेळी हे थवे मिठागरांच्या बांधांवर आणि उथळ तळ्यांत येऊन उभे राहतात. चिखल हे त्यांचे ताट, मिठागर ही ओसरी. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण उरणची पाणथळे त्या हद्दीत येत नाहीत. तिथे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले, पाठोपाठ रस्ते आणि गोदामे आली. पाणजेच्या पाणथळीत भरतीचे पाणी येण्याच्या वाटाच बुजल्याच्या तक्रारी झाल्या. ताट राखायचे आणि ओसरी विकायची, असा हा व्यवहार. थव्यांना मग रात्री-अपरात्री वस्तीवरून उडावे लागते. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात एका विमानाला धडकून तिसांहून अधिक रोहित मेले. हा अपघात एका रात्रीचा. ओसऱ्या मात्र कित्येक वर्षे बुजत आल्या आहेत.

शिवडीच्या चिखलावरूनच आता न्हावा-शेव्याचा पूल जातो. जानेवारी २०२४ पासून तो वाहता आहे आणि त्याच्याखाली रोहित अजूनही चरताना दिसतात. शनिवारी तिथे जावे. रविवारी मांडव्याची बोट धरून किहीमवरून आक्षीला. तिथल्या शके ९३४ च्या शिलालेखाला अनेक अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना लेख मानतात, तोही पाहून घ्यावा. मग वाळूवर कुरव आणि सुरय बसलेले असतील, तिथून पन्नास पावले अलीकडेच थांबावे. निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत तिथी पाहायला विसरू नका.