खोटा पूर, खरी आग

परदेशात शिकायला गेलेल्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये काही फोटो ठरलेले असतात. बर्फातला एक, विद्यापीठाच्या पाटीखालचा एक आणि हॉलीवुडच्या त्या पांढऱ्या अक्षरांसमोरचा एक. यातला तिसरा माझ्याकडेही आहे, २००६ सालच्या उन्हाळ्यातला. लॉस एंजेलिसला शिकत होतो. सेमिस्टर संपलं होतं, गाडी नव्हती आणि खिशात बेताचेच पैसे होते. आम्ही तिघं मित्र मेट्रोचा दिवसभराचा पास काढून निघालो.

'हॉलीवुड/व्हाइन' स्टेशनच्या छताला फिल्मची शेकडो रिकामी रिळं लावलेली आहेत. छान दिसतात. तेव्हा मी एवढंच म्हटलं आणि फोटो काढला. ती रिळं रिकामी आहेत, हे मनात यायला पुढे बरीच वर्षं गेली.

पुढच्या स्टेशनावर उतरून चायनीज थिएटरच्या अंगणात गेलो. हे थिएटर १९२७ सालचं. तिथल्या सिमेंटमध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्यापासून कितीतरी नटनट्यांच्या पावलांचे ठसे आहेत. लोक आपला बूट त्या ठशात बसतो का ते बघतात, आम्हीही बघितलं. शेजारच्या मॉलमध्ये उंच खांबांवर पांढरे हत्ती बसवलेले होते. ग्रिफिथच्या 'इन्टॉलरन्स' (१९१६) या मूकपटासाठी उभारलेल्या बॅबिलोनच्या सेटची ती नक्कल. मूळ सेट केव्हाच पाडला गेला होता. म्हणजे खोट्या बॅबिलोनचं खोटं बॅबिलोन! लांब डोंगरावरची ती अक्षरंसुद्धा मुळात १९२३ सालची जमिनीच्या प्लॉटची जाहिरात. तेव्हा पाटी 'हॉलीवुडलँड' अशी होती, १९४९ मध्ये शेवटची चार अक्षरं काढली गेली, आणि १९७८ मध्ये सगळीच नव्याने उभारली.

दुपारी युनिव्हर्सल स्टुडिओ गाठला.

स्टुडिओ बघायला लोक पैसे देतील हे फार आधी ओळखलं ते कार्ल लेमलेने. जर्मनीतून अमेरिकेत आलेला हा माणूस आधी कपड्याच्या दुकानात होता, मग शिकागोत त्याने छोटं सिनेमागृह काढलं. १५ मार्च १९१५ ला त्याने 'युनिव्हर्सल सिटी' सुरू केली आणि २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण दाखवायला लागला. लोक बाकांवर बसून बघत, टाळ्या वाजवत, ओरडत. चित्रपट मुके होते, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. बोलपट आले, सेटवर शांतता हवी झाली आणि प्रेक्षकांना दार बंद झालं. ते नीट उघडलं १९६४ च्या जुलैमध्ये, ट्रॅमच्या रूपाने.

त्याच ट्रॅममध्ये आम्ही बसलो. एका मेक्सिकन गावात डोंगरावरून पुराचा लोंढा आला आणि आमच्यापासून हातभर अंतरावर वळला. पाण्यातून शार्क उसळला. भुयारी स्टेशनात शिरलो तर मोठा भूकंप! छत कोसळलं, टँकर घसरत आला, पेटला, वरून पाणी धो धो वाहू लागलं. आम्ही मनसोक्त किंचाळलो. बाहेर पडताना मागे वळून बघितलं, तर सगळं गपगुमान आपापल्या जागी परत चाललं होतं. छत वर, पाणी खाली, टँकर जागेवर. पुढची ट्रॅम यायची होती. किंग काँगही भेटला, अंगावर धावून आला. आपत्ती अशी असावी. ठरलेल्या वेळी यावी आणि जाताना सगळं होतं तसं लावून जावी.

दोन वर्षांनी, १ जून २००८ च्या पहाटे, तिथे खरी आग लागली. सेटच्या छपरावर दुरुस्ती करणाऱ्या कामगारांनी ब्लोटॉर्च वापरला होता, त्यातून ती पेटली. आम्हाला घाबरवणारा किंग काँग जळून गेला. २०१० मध्ये तिथे नवा त्रिमितीय काँग आलासुद्धा. पण त्याच आगीत एका गोदामातल्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचंही मोठं नुकसान झालं होतं, आणि ते जगाला नीट कळायला २०१९ साल उजाडलं. माकड जळलं हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं.

आग तरी अपघात म्हणावी. १९४८ मध्ये युनिव्हर्सलने आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या बहुतेक प्रती स्वतःहून नष्ट केल्या. बोलपटांच्या जमान्यात त्यांना विचारणार कोण? शिवाय जुन्या फिल्ममध्ये चांदी असते, ती वितळवून काढता येते. अमेरिकेतल्या सुमारे ११ हजार मूक कथापटांपैकी ७० टक्के आज पूर्णपणे गेलेले आहेत, असं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालात म्हटलं आहे.

हे वाचताना मला आपल्याकडचा एक विद्यार्थी आठवला. वय ४१. दादासाहेब फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थच्या वॉल्टनच्या स्टुडिओत त्यांना प्रवेश मिळाला. परदेशातली स्टुडिओ टूरच ती. पण हा माणूस कॅमेरा कसा चालतो, फिल्म कशी धुतात हे शिकायला गेला होता. येताना विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून आला आणि घरी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना टिपून सावकाराला दाखवलं. ३ मे १९१३ ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटच काढला. जे आपल्याला दूर जाऊन बघावं लागलं, ते इथल्या लोकांना इथेच दाखवलं.

हेपवर्थचं पुढे काय झालं? १९२४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि त्याच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह चांदीसाठी वितळवल्या गेल्या. आपल्याकडच्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी तीससुद्धा धड उरलेले नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचंच आहे, आणि तेही १९१७ च्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात. एवढं तरी आहे याचं श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि गावोगाव फिरून रिळं गोळा करणाऱ्या पी. के. नायरांना. हे संग्रहालय १९६४ चं. म्हणजे ज्या वर्षी युनिव्हर्सलची ट्रॅम सुरू झाली, त्याच वर्षीचं.

आता जे सांगायला मला थोडी लाज वाटते ते सांगतो. मी पुण्याचा. लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज सायकलने कॉलेजला जायचो. या रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, म्हणजेच जुना प्रभात स्टुडिओ, जिथे 'संत तुकाराम' चित्रित झाला. हाकेच्या अंतरावर चित्रपट संग्रहालय. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, जळण्यापुरता प्राणवायू ती स्वतःच तयार करते. कित्येक जुन्या चित्रपटांची मूळ रिळं गेली. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच काढून ठेवलेल्या होत्या हे नशीब, पण मूळ ते मूळच. मी ती बातमी पेपरात वाचली होती. बहुधा आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवली असावी, कारण ते 'अरेरे' म्हणाल्याचं आठवतंय. मी चहा संपवून क्लासला गेलो. संध्याकाळी त्याच रस्त्याने परत आलो, आणि फाटकाशी सायकल थांबवावी असं काही वाटलं नाही.

तीन वर्षांनी तिकीट काढून, रांगेत उभा राहून, मी खोटी आग बघितली आणि टाळ्या वाजवल्या.

गेल्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा फाळक्यांची उरलेली रिळं आणि तो लघुपट शांतपणे बघितला. त्यात फाळके स्वतः फिल्मची पट्टी हातात धरून काम करताना दिसतात. पट्टीवर ओरखडे आहेत, मध्येच चित्र उडतं, अचानक संपतं. आजोबा आता नाहीत. असते तर त्यांना विचारलं असतं, त्या दिवशी तुम्ही 'अरेरे' नक्की कशासाठी म्हणालात? त्यांनी यातले कुठले चित्रपट पडद्यावर पाहिले होते, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.