पहाटेचे साडेपाच

आमच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ वडिलांच्या वेळेपासून दहा मिनिटे पुढे असे. हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे जो तो मनातल्या मनात दहाऐवजी पंधरा मिनिटे वजा करी आणि शाळेत उशिरा पोचे. त्यामुळे घड्याळे चुकतात याचे मला नवल नाही. पण मी ज्या बँकेत हयात घालवली, तिथे १९९० नंतर युनिक्सवर चालणारा संगणक आला, आणि एका सकाळी त्याने तारीख दाखवली १ जानेवारी १९७०, वेळ पहाटे साडेपाच! आमचे मॅनेजर मटकन खाली बसले. "अहो, मुदत ठेवींचं व्याज आता कुठून धरायचं?"

इंजिनिअर आला आणि आतली मेलेली बॅटरी बदलून गेला. पण १९७०च का, आणि साडेपाचच का? हे निवृत्तीनंतर वाचून कळले.

युनिक्स जन्मला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, १९६९ साली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे त्याचे जनक. १९७१ पर्यंत तो पीडीपी-११ या यंत्रावर नांदू लागला होता. त्या घड्याळाला ठोके मिळत भिंतीतल्या विजेकडून. तिकडची वीज सेकंदाला ६० हेलकावे खाते, म्हणून सेकंदाला ६० ठोके. (तोच हिशेब आपल्या ५० हेलकाव्यांच्या विजेवर चालवला असता, तर घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडले असते. आमच्या घड्याळाशी सोयरीक जुळली असती!) हे ठोके १ जानेवारी १९७१ पासून मोजायचे ठरले, पण आकडा मांडायला जागा ३२ बिटांची, ती ८२९ दिवसांत भरणार. म्हणजे सव्वादोन वर्षांत काळ संपला! गंमत अशी, की हा दोष त्यांनी आपल्याच माहितीपुस्तकात छापून टाकला होता. इतका प्रामाणिकपणा मी ऑडिटच्या कागदांत कधी पाहिला नाही. पुढे ठोके सोडून सेकंद मोजायचे ठरले, १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून. ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट, साडेपाच. आमचे यंत्र बिचारे एवढेच म्हणत होते, की माझ्याकडे शून्य आहे! जुन्या ३२ बिटी हिशेबात हे सेकंदही १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास संपतात. नव्या यंत्रांना ६४ बिटांची ऐसपैस जागा आहे.

इथवर सगळी मौज. पण याच ठोक्याने माझ्या हातून एक अन्याय करवला.

दुपारी काउंटरवरचे काम रखडू लागले. अहवाल काढला, तर प्रोसेसर बहुतांशी रिकामा. यंत्र रिकामे आणि काम होत नाही, म्हणजे माणूस बसून आहे, असे शहाणपणाचे अनुमान काढून मी आमच्या ऑपरेटरबाईंना लेखी मेमो दिला. "साहेब, मी जागेवरून उठलेसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मी अहवालाकडे बोट दाखवले.

तो अहवाल तयार होई हजेरी घेतल्यासारखा. दर ठोक्याला यंत्र मान वर करून बघे, आत्ता कोण काम करतोय? जो दिसेल त्याच्या नावावर तो अख्खा ठोका. आमच्या यंत्रात सेकंदाला १०० ठोके. तिथे एक फोनलाइनवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम होता. तो ठोका पडताच जागा होई, मधल्या वेळात प्रोसेसर ओरबाडून खाई आणि पुढचा ठोका पडायच्या आत गाढ झोपी जाई. त्याच्या नावावर शून्य! हेडक्लार्क मान वर करताच फाइल उघडणारे मी पाहिले होते. हा त्यांच्याही वरताण.

हे इंजिनिअरने शोधले तोवर सहा महिने उलटले होते, बाईंची बदली झाली होती आणि मेमो त्यांच्या फाइलला लागला होता. तो रद्द करा म्हणून मी वरती तीन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. पुढे एकदा पेन्शनच्या रांगेत त्या भेटल्या. मी मेमोचे बोलायला तोंड उघडले, तर त्याच म्हणाल्या, "साहेब, किती वाजले हो?"

मी घड्याळ बघितले आणि त्यांच्याहून दोन पावले मागे उभा राहिलो.