शेक नव्हे, किरण : रेडियमपासून बार्शीपर्यंत

वाचकहो, आपल्या शिरूर अनंतपाळ भागात कोणाच्या घरी कॅन्सर निघाला की "बार्शीला नेले आहे, शेक चालू आहेत" असे सांगितले जाते. कोणी "लाईट देतात" असेही म्हणतात. (जुन्या मंडळींना बार्शी म्हटले की लातूरला येणारी 'बार्शी लाईट' ही छोटी आगगाडी आठवते, पण ती गोष्ट वेगळी.) शेक हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. गुडघा दुखला की आपण शेक घेतो. परंतु दवाखान्यातील या शेकात विस्तव नसतो आणि अंगाला वीजही लावलेली नसते. ते किरण असतात. शब्दाच्या या घोटाळ्याने आधीच भ्यालेली बाई आणखी भिते आणि उपचार अर्धवट टाकून घरी येते. म्हणून हे किरण कोणते आणि ते आपल्या उंबरठ्यापर्यंत कसे आले, याचा इतिहास येथे सांगण्याचे योजले आहे.

दिनांक ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे राँटगेन या प्राध्यापकाला क्ष-किरणांचा शोध लागला. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये बेक्वेरेल यांना असे आढळले की, युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवरही डाग पाडतात. १८९८ साली मेरी व पिअर क्युरी या पतिपत्नींनी रेडियम शोधले. या पदार्थांतून निघणारे किरण एकाच जातीचे नाहीत हे रदरफोर्ड यांनी दाखविले व त्यांपैकी दोघांना अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. तिसऱ्याचा, म्हणजे गॅमाचा, शोध १९०० साली व्हिलार्ड यांनी लावला.

विद्यार्थी मित्रांनो, या तिघांचा स्वभाव ध्यानात ठेवा. अल्फा जड असतो, साध्या कागदाने अडतो, आपली कातडीही त्याला आत येऊ देत नाही. बीटाला अडवायला अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा लागतो. गॅमा मात्र क्ष-किरणांप्रमाणे शरीराच्या आरपार जातो व त्याला शिशाची किंवा काँक्रीटची जाड भिंतच हवी. मग अल्फा निरुपद्रवी म्हणावा काय? मुळीच नाही. अमेरिकेत सन १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चकाकणारा रंग देणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यातून रेडियम पोटात गेले, हाडांत साठले, जबडे सडले आणि कित्येकींचा अंत झाला. बाहेर असताना कागदाला हरणारा किरण आत शिरल्यावर असा घात करतो.

हे सर्व किरण पेशीतील अणूंची मोडतोड करतात. रेडिओच्या वा मोबाईलच्या लहरींत तेवढा जोर नसतो. 'रेडिएशन' हे नाव दोहोंना लागते, पण म्हणून दोन्ही एकाच माळेचे मणी नव्हेत.

आता मात्रेचे पाहू. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातील प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरण मिळतातच. छातीच्या एका एक्स-रेत ०.१ किंवा त्याहूनही कमी. याउलट सर्वांगावर एकदम चार-पाच ग्रे, म्हणजे चार-पाच हजार मिलिसिव्हर्ट, गॅमा किरण पडले आणि इलाज झाला नाही, तर निम्मी माणसे दगावतात. हिरोशिमा-नागासाकीत १९४५ साली आगीतून व धक्क्यातून वाचलेली माणसेही पुढे याच कारणाने गेली. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर बाहेरून दिले जातात ते सुमारे ४५ ते ५० ग्रे! मग रुग्ण वाचतो कसा? कारण हे किरण फक्त दुखऱ्या भागावर, रोज दोन ग्रेच्या आसपास, आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे पाच आठवडे देतात. मधल्या वेळेत निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात, रोगी पेशींना ते तितके साधत नाही. मध्येच खंड पडला तर सावरायची संधी रोगालाच मिळते.

मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या होत्या, त्या दुःखातून त्याची कल्पना निघाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली आणि १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले. अणूच्या खात्याने दवाखाना चालवावा हे पुष्कळांना विचित्र वाटते. मला त्यात डॉ. होमी भाभांची दूरदृष्टी दिसते, कारण उपचाराच्या यंत्रातील कोबाल्ट-६० अणुभट्टीतच तयार होते.

तेच कोबाल्ट बेवारस झाले तर काय होते, हे दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजाराने २०१० साली पाहिले. लिलावात आलेले प्रयोगशाळेचे जुने यंत्र तेथे फोडले गेले. कित्येकांना इजा झाली, एक कामगार मरण पावला. आपल्या समाजात भंगाराचा धंदा करणारे बांधव आहेत, त्यांना सांगणे आहे की, पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांच्या पंख्यासारखी खूण दिसली तर त्या वस्तूला हात लावू नये, दूर व्हावे व पोलिसांना कळवावे.

बार्शीचे रुग्णालय १९८२ सालचे. त्याला नर्गिस दत्त यांचे नाव आहे, ज्यांचे मूळ नाव फातिमा रशीद, आणि ज्या १९८१ साली कॅन्सरनेच गेल्या. १९८७ पासून तेथे बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांची कॅन्सर नोंदवही सुरू झाली, देशातील ग्रामीण भागातली ती पहिलीच. स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वाधिक आढळला. माझ्या मते नोंदीपेक्षाही मोठे काम पुढे झाले. कार्यकर्ते गावोगाव फिरून बायकांशी बोलू लागले, तसतशा बायका रोगाच्या आधीच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. नवी यंत्रे नव्हे, नुसते बोलणे!

म्हणून घरातील पुरुषांनी व सुशिक्षित मुलामुलींनी आई-खालांशी बोलावे. अंगावरून अवेळी रक्त जात असेल तर लाजेने दडवू नये. किरणांनी थकवा येतो, कातडी काळवंडते, पोटावर घेतले तर जुलाब होतात. केस मात्र डोक्यावर किरण दिले तरच जातात. रमजान आला म्हणून उपचार सोडू नयेत, आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची चौकशी करावी. आणि यंत्राखालून उठलेल्या बाईच्या अंगात किरण उरत नाहीत. तिने नातवाला मांडीवर घ्यावे, तिचे ताट वेगळे करू नये. अपवाद थायरॉइडच्या उपचारासाठी आयोडीन-१३१ दिलेल्या रुग्णाचा. त्याने काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहावयाचे असते. किती दिवस, ते डॉक्टर सांगतात.